बोधगयेच्या धर्मशाळेतील तरुण धम्मदूत

अनागारिक धर्मपालांचे नाव आपणांस नवीन नाही. बुद्धपौर्णिमेच्या सभेत एखादा वक्ता त्यांचा उल्लेख करतो. त्यांनी महाबोधी सोसायटी स्थापिली, शिकागोची धर्मपरिषद गाजविली, बोधगयेच्या विहारासाठी महंताशी झुंज दिली, एवढे सांगून तो पुढच्या मुद्द्याकडे वळतो. आपणही टाळ्या वाजवून मोकळे होतो. परंतु सव्वीस वर्षांचा एक तरुण समुद्र ओलांडून परक्या देशात येतो, तेथे त्याच्या धर्माचे माणूस औषधालाही सापडत नाही, भाषा वेगळी, पाणी वेगळे, खिशात जेमतेम पैसे. असा माणूस सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकेपर्यंत काय करीत असेल? मला त्यांच्या चरित्राचा हाच भाग आपणांपुढे ठेवावयाचा आहे. धम्मप्रचार करतो असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. तो प्रचार रोजच्या दिवसात उतरतो तेव्हा कसा दिसतो, हे या तरुणाकडून समजून घेण्यासारखे आहे.

मुळात हे घर गरिबाचे नव्हते, हे आधी लक्षात घ्या. १७ सप्टेंबर १८६४ रोजी कोलंबो येथे एका सधन सिंहली कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील डॉन कॅरोलिस हेवावितरणे हे लाकडी सामानाचे मोठे व्यापारी. मुलाचे नाव ठेवले डॉन डेव्हिड. बौद्धाच्या घरात असले नाव कसे, असे आपण विचाराल. त्या काळी श्रीलंकेत इंग्रजांचे राज्य होते, आणि प्रतिष्ठित बौद्ध घरांतही मुलांना ख्रिस्ती वळणाची नावे देण्याची रीत पडली होती. शाळाही मिशनऱ्यांच्याच. त्यामुळे घरी आई मल्लिकाबाईंकडून पंचशील आणि शाळेत बायबल, असे या मुलाचे दुहेरी शिक्षण झाले. बायबलचे अध्यायच्या अध्याय त्याला तोंडपाठ होते. पुढे मिशनऱ्यांशी वाद घालताना ही शिदोरी त्यांना फार उपयोगी पडली.

सेंट टॉमस शाळेतला एक प्रसंग सांगतो. आम्ही मास्तर मंडळींनी तर तो दोनदा वाचावा. वैशाखी पौर्णिमेला सुट्टी हवी म्हणून या मुलाने मुख्याध्यापकांकडे परवानगी मागितली. ख्रिस्ती शाळेत बुद्धजयंतीची सुट्टी कसली, म्हणून ती नाकारण्यात आली. मुलाने छत्री उचलली, पुस्तके काखोटीला मारली आणि सरळ घरी निघून गेला. दुसऱ्या दिवशी छड्या बसल्या. पुढच्या वर्षी पुन्हा तेच, पुन्हा छड्या. तिसऱ्या वर्षीही तेच. मुलाने नियम मोडला हे खरे, परंतु मार चुकवण्यासाठी आजारपणाचे खोटे कारण त्याने सांगितले नाही. पुढच्या आयुष्यात महंताशी, कलेक्टराशी आणि कोर्टाशी हा माणूस ज्या रीतीने वागला, तिचा कित्ता येथेच गिरवला गेला असे मला वाटते.

१८८३ साली कोलंबोत बौद्धांच्या मिरवणुकीवर कॅथलिक जमावाने हल्ला केला आणि वडिलांनी मुलाला त्या शाळेतून काढून घेतले. त्याआधीच, १८८० साली, कर्नल ऑल्कॉट व मादाम ब्लाव्हाट्स्की ही थिऑसॉफिस्ट जोडी लंकेत येऊन पंचशील घेऊन गेली होती. डेव्हिड त्यांच्याकडे ओढला गेला. १८८४ च्या डिसेंबरात घरच्यांचा विरोध पत्करून तो मद्रासजवळच्या अड्यारला गेला. गूढविद्या शिकण्याची त्याला हौस होती. पण ब्लाव्हाट्स्कीबाईंनी त्याला पाली भाषा शिकण्याचा आणि लोकांसाठी काम करण्याचा सल्ला दिला. थिऑसॉफीच्या एकंदर व्यवहाराबद्दल आपले मत काहीही असो, हा सल्ला मात्र लाखमोलाचा ठरला.

वडिलांना वाटे, थोरल्या मुलाने दुकान सांभाळावे. मुलाने आजन्म ब्रह्मचारी राहून धर्मकार्य करण्याची परवानगी मागितली. धाकट्या भावंडांचे कसे होणार, हा वडिलांचा प्रश्न. अखेर आईने आशीर्वाद दिला. पदरी लहान मुले नसती तर मीही तुझ्याबरोबर निघाले असते, असा तिचा भाव होता. शिक्षण खात्यातली कारकुनी त्याला मिळाली होती, तीही त्याने सोडली. १८८६ साली ऑल्कॉटसाहेबांचा दुभाषा होऊन तो बैलगाडीतून लंकेची खेडी फिरला. साहेब इंग्रजीत बोलत, हा सिंहलीत सांगे. रात्री मुक्काम गाडीतच. धम्मदूताची उमेदवारी येथे झाली. डॉन डेव्हिड हे नाव टाकून धर्मपाल हे नाव त्यांनी घेतले ते याच वर्षांत. १८८९ साली ऑल्कॉटबरोबर ते जपानला गेले, पण तिथल्या थंडीने सांधे धरले आणि मुक्कामाचा बराच काळ इस्पितळात गेला.

आता बोधगयेकडे वळू. सर एडविन अर्नोल्ड या इंग्रज कवीने बोधगयेच्या दुर्दशेवर वर्तमानपत्रात लिहिले होते. ते वाचून धर्मपालांचे मन तिकडे लागले होते. १८९१ च्या जानेवारीत कोझेन गुणरतन या जपानी भिक्षूला बरोबर घेऊन ते आधी सारनाथला गेले आणि २२ जानेवारी रोजी बोधगयेला पोचले. महाविहाराची इमारत इंग्रज सरकारने दहा वर्षांपूर्वीच डागडुजी करून उभी केली होती, पण ताबा होता शैव महंताचा. आवारात भग्न मूर्ती विखुरल्या होत्या. बोधिवृक्षाखाली पिंडदान चालत होते. वज्रासनाला कपाळ टेकवले तेव्हा या तरुणाच्या मनात एकदम आले की आता येथून जायचे नाही. दर्शनाला आलेला यात्रेकरू असा तिथेच मुक्कामी राहिला.

विहाराजवळ ब्रह्मदेशच्या मिंडॉन राजाने बांधवलेली धर्मशाळा होती. तिची किल्ली त्यांना मिळाली. तीच आता त्यांचे घर, कचेरी आणि विहार झाली. पहाटे अंधार असतानाच उठायचे, बोधिवृक्षाजवळ किंवा खोलीत ध्यानाला बसायचे. ध्यान शिकवणारा गुरू कोणी नव्हता. जुन्या पाली ग्रंथांत सांगितलेली रीत वाचायची आणि स्वतःवरच प्रयोग करायचा. लंकेतसुद्धा त्या काळी ध्यानाची परंपरा क्षीण झाली होती, तेव्हा हे काही थोडे धाडस नव्हे. कधी मन स्थिरावे, कधी नाही. ते सगळे प्रामाणिकपणे रोजनिशीत उतरे. ही रोजनिशी त्यांनी पुढे जवळजवळ आयुष्यभर लिहिली आणि आज तिच्याच आधारे त्यांचे दिवस आपणांस कळतात. स्वतःचा राग, स्वतःचा आळस, देहाच्या वासना, कोणाबद्दल आलेला मत्सर, काहीही त्यांनी लपविलेले नाही.

ध्यानानंतर खरे काम सुरू होई आणि ते काम म्हणजे पत्रे लिहिणे. वाचकहो, येथे जरा थांबा. प्रचारक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे व्यासपीठ आणि ध्वनिक्षेपक येतो. या माणसाचा दिवस लेखणीत जाई. लंकेतील भिक्षूंना पत्र, ब्रह्मदेशातील व्यापाऱ्यांना पत्र, थिऑसॉफिस्ट मित्रांना पत्र, वर्तमानपत्रांना पत्र. प्रत्येकात मागणे एकच, की तथागतांना जेथे बोधी प्राप्त झाली ती जागा बौद्धांच्या हाती यावी, भिक्षू पाठवा, मदत पाठवा. मग उत्तराची वाट पाहणे. टपाल सावकाश येई आणि पुष्कळदा येतच नसे. आठवडे जात होते, गाठीचे पैसे सरत होते. गया शहर तेथून ११ किलोमीटर. तेथे कलेक्टर होते ग्रियर्सन, हिंदुस्थानच्या भाषांची पाहणी करणारे म्हणून पुढे प्रसिद्ध झाले तेच हे गृहस्थ. विहार आणि त्याचे उत्पन्न महंताचे आहे, पण सरकारच्या मदतीने ते विकत घेता येईल, असे त्यांच्याकडून कळले. तेव्हा कोझेन यांना धर्मशाळेत ठेवून धर्मपाल पैशाच्या खटपटीसाठी कलकत्ता व तेथून रंगूनला गेले.

३१ मे १८९१ रोजी कोलंबोत महाबोधी सोसायटी स्थापन झाली. विद्वान भिक्षू हिक्कडुवे सुमंगल अध्यक्ष आणि धर्मपाल चिटणीस. जुलैमध्ये, आषाढ पौर्णिमेच्या सुमारास, चार सिंहली भिक्षूंना घेऊन ते पुन्हा बोधगयेत हजर झाले. तेथे चीवरधारी भिक्षू वस्तीला आले.

या ठिकाणी अनागारिक या शब्दाचा अर्थ सांगितला पाहिजे, कारण पुष्कळांना ते आडनाव वाटते. अगार म्हणजे घर. ज्याने घर सोडले तो अनागारिक. मग ते सरळ भिक्षूच का झाले नाहीत? भिक्षूला विनयाप्रमाणे पैशाला हात लावता येत नाही, दुपारनंतर जेवता येत नाही, व्यवहाराच्या भानगडीत पडता येत नाही. येथे तर जमीन घ्यायची होती, छापखान्याचे बिल चुकवायचे होते, वकिलाकडे आणि कचेरीत खेटे घालायचे होते. तेव्हा संसार नाही पण व्यवहार आहे, अशी ही मधली वाट त्यांनी स्वतःसाठी आखून घेतली. आपल्याकडे बौद्धाचार्य, प्रचारक, श्रामणेर यांच्या मर्यादा कोणत्या यावर अजून वाद चालतात. त्या वाद घालणाऱ्यांनी हे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे.

३१ ऑक्टोबर १८९१ रोजी बोधगयेत त्यांनी बौद्धांची आंतरराष्ट्रीय परिषद भरविली. जपान, चीन, लंका, चितगाव येथून प्रतिनिधी आले. जपानी मंडळींनी जागेसाठी पैसा उभा करण्याची तयारी दाखविली. उत्साहाच्या भरात बोधिवृक्षाजवळ बौद्ध ध्वजाशेजारी जपानचा झेंडाही लागला. नेमके त्याच वेळी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर बोधगयेला यायचे होते. जपानी झेंड्याचे नाव निघताच इंग्रज सरकारच्या पोटात गोळा उठला. लाटसाहेबांनी धर्मपालांची भेट नाकारली आणि महिन्यांची मेहनत एका कापडाच्या तुकड्याने मातीमोल केली. नवख्या कार्यकर्त्याची ही चूक होती असे कोणी म्हणेल. मला वाटते, सरकारला नकारासाठी निमित्तच हवे होते.

पुढचा मुक्काम कलकत्ता. नीलकमल मुखर्जी या बंगाली सद्गृहस्थाने त्यांना आपल्या घरी आसरा दिला. ते थिऑसॉफिस्ट, पण परदेशी तरुणाला त्यांनी घरच्या माणसासारखे वागविले. मे १८९२ मध्ये धर्मपालांनी तेथून महाबोधी नावाचे इंग्रजी मासिक काढले. मजकूर जमविणारे तेच, लिहिणारे तेच, मुद्रिते तपासणारे तेच आणि अंकावर पत्ते घालणारेही तेच. आपल्या चळवळीतील नियतकालिके ज्यांनी चालविली आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. अंक देशोदेशी पाठवायचे तर तिकिटांना पैसे हवेत, आणि पैसे तर जेवणापुरतेच असत. अशा वेळी जेवणाला काट मारून तिकिटे घेतली जात. घरून पैसे मागवता आले नसते असे नाही. वडील वेळोवेळी मदत करीतही असत. पण व्यापाऱ्याच्या मुलाने पोटाला चिमटा घेऊन टपालखर्च भागवावा, यातच त्याची निवड दिसते.

पोटाला चिमटा घेऊन टपालात टाकलेल्या या अंकांपैकी काही शिकागोपर्यंत पोचले. १८९३ सालच्या सर्वधर्म परिषदेचे चालक डॉ. बॅरोज यांनी ते वाचून धर्मपालांना बोलावणे पाठविले. २९ व्या वर्षी ते तेथे बोलले आणि त्यांचे नाव झाले. सभा संपल्यावर शिकागोतच सी. टी. स्ट्रॉस या व्यापाऱ्याने त्यांच्याकडून पंचशील घेतले. परतीच्या वाटेवर होनोलुलूला बोटीवर मेरी फॉस्टर नावाच्या श्रीमंत बाई त्यांना भेटल्या. त्यांना आपला तापट स्वभाव आवरत नव्हता. धर्मपालांनी मन आवरण्याचे दोन शब्द सांगितले. भेट काही क्षणांची, पण बाईंनी पुढे आयुष्यभर लाखो रुपये धम्मकार्याला दिले. सारनाथचे विहार, कलकत्त्याचे विहार, कोलंबोचे रुग्णालय यांत तो पैसा आहे. हे वाचून कोणी नशीब म्हणेल. मी म्हणेन की विचारायला आलेल्या माणसाला वेळ देण्याची सवय असल्यामुळे हे घडले.

इकडे बोधगयेत दिवस बिघडले होते. जुना महंत वारला आणि १८९२ मध्ये कृष्णदयाल गिरी गादीवर आला. त्याला हे भिक्षू डोळ्यांत सलू लागले. १८९३ च्या फेब्रुवारीत महंताच्या माणसांनी धर्मशाळेत शिरून भिक्षूंना मारहाण केली. एका भिक्षूला इस्पितळात न्यावे लागले. तरी भिक्षूंनी जागा सोडली नाही.

जपानमधील बौद्धांनी धर्मपालांना बुद्धांची एक जुनी सुंदर मूर्ती दिली होती. २५ फेब्रुवारी १८९५ च्या सकाळी दोन भिक्षू आणि एका उपासकासह ती मूर्ती घेऊन ते महाविहाराच्या वरच्या मजल्यावर गेले. मूर्ती ठेवली, मेणबत्त्या लावण्याची तयारी केली. तेवढ्यात महंताची तीस-चाळीस माणसे धावून आली. त्यांनी मेणबत्ती हिसकावली, मूर्ती हलवा म्हणून दरडावले. धर्मपाल काही न बोलता मूर्तीपुढे ध्यानाला बसले. काही वेळाने माणसे पुन्हा आली आणि मूर्ती उचलून खाली उघड्या अंगणात नेऊन ठेवली. विचार करा, ज्या जागी सिद्धार्थाला बोधी प्राप्त झाली तेथेच बुद्धांची मूर्ती ठेवण्यास मनाई! खटला झाला. गयेच्या मॅजिस्ट्रेटने तिघांना एक महिना साधी कैद व प्रत्येकी १०० रुपये दंड ठोठावला. सेशन्स कोर्टाने तो कायम केला. पण त्याच वर्षी कलकत्ता हायकोर्टाने तो रद्द करून आरोपींना सोडले. पैसा गेला, वर्षे गेली, मूर्ती धर्मशाळेतच राहिली. हे दिवस तारखा मोजण्यात, साक्षी देण्यात, वकिलांच्या ओसरीवर बसण्यात गेले, आणि तरीही रोजनिशीत पहाटेच्या ध्यानाची नोंद चुकत नव्हती.

धर्मपालांचा गौरव करताना एक गोष्ट डोळ्याआड करू नये. भारतात त्यांचा वावर राहिला तो सुशिक्षित बंगाली भद्रलोकांत. भाषण अल्बर्ट हॉलमध्ये, मासिक इंग्रजीत, मित्र वकील, संपादक, जमीनदार. या मंडळींनी बुद्धांची स्तुती केली, वर्गणी दिली, आणि जात मात्र घट्ट धरून ठेवली. जातीवर धर्मपालांनी कठोर टीका केली, दुष्काळात महाबोधी सोसायटीतर्फे धान्यही वाटले. परंतु गावकुसाबाहेरच्या माणसाला धम्माचे दार उघडून देण्याचा प्रयत्न त्यांच्या दिनक्रमात ठळकपणे दिसत नाही. त्याच काळात, १८९८ साली, तामिळनाडूतील पंडित अयोथीदास यांनी कोलंबोला जाऊन बौद्ध दीक्षा घेतली आणि अस्पृश्य बांधवांत धम्माचे काम सुरू केले. म्हणजे दार होते. पुढे लंकेच्या राजकारणात उतरल्यावर मुसलमान व्यापाऱ्यांविषयी धर्मपालांनी जे कडवट लिहिले, तेही मैत्री शिकविणाऱ्याला शोभणारे नव्हते. मोठ्या माणसाची आरती ओवाळणे सोपे असते. आपण बुद्धिवादी म्हणवतो, तेव्हा हेही सांगितले पाहिजे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. १९१५ च्या लंकेतील दंगलीनंतर इंग्रजांनी त्यांचा भाऊ एडमंड याला तुरुंगात टाकले, तेथेच तो वारला. धर्मपालांना कलकत्त्यात स्थानबद्ध केले. १९२० साली कलकत्त्याचे धर्मराजिक विहार उभे राहिले, १९२६ साली लंडनचे. नोव्हेंबर १९३१ मध्ये सारनाथचे मूलगंधकुटी विहार खुले झाले. त्याच वर्षी जुलैत ते श्रामणेर आणि १९३३ च्या जानेवारीत भिक्षू झाले. व्यवहाराचे ओझे इतरांच्या खांद्यावर देऊन झाले तेव्हाच त्यांनी चीवर घेतले. शरीर पार थकले होते. पुन्हा पंचवीस वेळा भारतात जन्म घेऊन धम्माचे काम करावे, अशी इच्छा त्यांनी अखेरीस व्यक्त केली. पुनर्जन्माबद्दल बाबासाहेबांनी आपल्याला जे शिकविले ते ध्यानात ठेवूनही त्या इच्छेतली तळमळ कळते. २९ एप्रिल १९३३ रोजी सारनाथ येथे त्यांचे निधन झाले.

विहार त्यांच्या हयातीत मिळाले नाही. १९४९ च्या कायद्याने हिंदू व बौद्ध अशी संयुक्त समिती नेमली गेली आणि १९५३ मध्ये तिच्याकडे व्यवस्था आली. पूर्ण ताबा बौद्धांना मिळावा म्हणून १९९२ पासून नागपूरचे भदंत सुरई ससाई यांनी आंदोलन चालविले, आणि २०२५ च्या फेब्रुवारीत बोधगयेत भिक्षूंना पुन्हा उपोषणाला बसावे लागले.

१८९२ साली ज्या मासिकाच्या तिकिटांसाठी जेवणाला काट बसत होती, त्याच महाबोधी मासिकात १९५० साली बाबासाहेबांचा बुद्ध आणि त्यांच्या धर्माचे भवितव्य या विषयावरील लेख छापून आला. बाबासाहेब कोणत्या दिशेने निघाले आहेत हे पुष्कळ सुशिक्षितांना त्या लेखावरून कळले. धर्मपालांनी हाताखाली तयार केलेले आणि त्यांच्यामागे महाबोधी सोसायटीचे चिटणीस झालेले देवप्रिय वलिसिंह १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दीक्षा समारंभास उपस्थित होते.